बेळगावात सात-आठ वर्षं जुनी डिझेल सेडान घेतली तर कुठं खर्च येतो?

इंजिनाची भीती बाळगू नका, वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर वर्ना किंवा सियाझचं डिझेल दोन लाख किलोमीटर सहज जातं. पैसा जातो तो क्लच, सस्पेन्शन आणि एसीत. खानापूर-जांबोटी-चोर्ला असा गोव्याचा रस्ता धावलेली गाडी असेल तर सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, बुश, शॉकअब्सॉर्बर, आधी ऐकून बघा. खड्ड्यात खडखड आली की पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा. क्लच सेट मजुरीसह दहा-पंधरा हजार, एसीचा कॉम्प्रेसर त्याहून जास्त. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज बघायलाच हवा, आपल्याकडचा पाऊस पत्र्याला सोडत नाही.

व्हेंटो, रॅपिडचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोल भाग, गेलं तर बिल लाखाच्या पुढं जातं. मॅन्युअल घ्या.

आणि कोल्हापूरची एमएच-०९ नंबरची गाडी स्वस्त मिळते म्हणून लगेच भुलू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथला रोड टॅक्स आणि बारा महिन्यांच्या आत बेळगावचा केए-२२ नंबर, हे सगळं किमतीत धरा. फरक बऱ्याचदा तिथंच संपतो.