कृषी महाविद्यालयातल्या शिक्षकांचे आभार जरा वेगळ्या पद्धतीने कसे मानता येतील?

तुमची बॅच बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शाल-श्रीफळ, केक यापलीकडे काहीतरी करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी परभणीला कृषी पदवी घेतली, आता घरची शेती बघते. मला वाटतं, सरांनी-मॅडमनी जे शिकवलं तेच नीट करून त्यांच्यासमोर ठेवावं. त्यांना याहून जास्त आनंद कशाने होईल असं मला वाटत नाही.

आधी दिवस ठरवा. शिक्षक दिन 5 सप्टेंबरला असतो, पण मी 3 डिसेंबर निवडेन. तो डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा जन्मदिवस. राष्ट्रपती होण्याआधी ते देशाचे अन्न व कृषी मंत्री होते आणि 2016 पासून त्यांचा जन्मदिवस कृषी शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. शिवाय सप्टेंबरात काळ्या रानात पाय घालवत नाही. डिसेंबरात सोयाबीन घरात आलेलं असतं आणि कोरडवाहू रानात खड्डा घेता येतो.

खड्ड्याचं एवढ्यासाठी म्हणते, की माझी सगळ्यात आवडती कल्पना मातीची आहे. तुमच्या वर्गात निरनिराळ्या जिल्ह्यांतली मुलं-मुली असतीलच. प्रत्येकाने आपल्या गावच्या रानात मीटरभर खोल खड्डा घ्यायचा. नवीन शेततळ्याचं किंवा विहिरीचं काम चालू असेल तर फारच सोपं. वरपासून दर 15 सेंटीमीटरची माती वेगळ्या पिशवीत भरायची, सावलीत वाळवायची आणि पारदर्शक नळीत त्याच क्रमाने रचायची, म्हणजे तळाचा थर सगळ्यात आधी. ढेकळं कुटून पीठ करू नका, मातीची घडण दिसली पाहिजे. मग एका भिंतीवर दापोलीची तांबडी जांभ्याची माती, नगरकडची वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागणारी हलकी जमीन आणि आमच्याकडची खोल काळी, जिच्या खालच्या थरात चुनखडीचे खडे सापडतात, अशा नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहतील. मृदाशास्त्राचे सर वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने हेच थर काढत असतात. पुढच्या बॅचला ते हात लावून दाखवतील.

वनस्पती पैदास शिकवणाऱ्यांसाठी गावरान बियाणं गोळा करा. हुरड्याची गूळभेंडी ज्वारी, बांधावरचा वाल, आजीने राखेत ठेवलेलं एखादं भोपळ्याचं बी, जे मिळेल ते. बाटलीवर पिकाचं गावातलं नाव, गाव, काढणीचा महिना आणि रान कोरडवाहू की बागायती एवढं हवंच. ही माहिती नसेल तर बियाण्याचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही.

कीटकशास्त्राच्या मॅडमना नीट टोचलेली कीटकपेटी द्या. भुंगेऱ्याला टाचणी नियमाप्रमाणे उजव्या पंखातून गेलीय का, हे त्या लगेच बघतील!

आणि रावेच्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, गावातल्या शेतकऱ्याला विसरू नका. तुम्ही त्याच्याकडे 10 किलो सोयाबीनला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळून दाखवलं असेल, 5 टक्के निंबोळी अर्क करून दिला असेल. त्यातलं त्याने काय पुढे चालू ठेवलं, काय सोडून दिलं आणि का, हे त्यालाच मंचावर येऊन सांगू द्या. सोडून दिलेलंही सांगू द्या, शिक्षकांना ते हवं असतं. भाषणं मात्र टाळा. त्याऐवजी प्रत्येकाने एका कार्डावर लिहावं, ‘तुम्ही शिकवलेली ही गोष्ट मी घरच्या शेतात केली.’ ज्यांची शेती नाही त्यांनी रावेतलं लिहावं.

प्रक्षेत्रावरच्या, म्हणजे कॉलेजच्या शेतावरच्या, मावशी-काकांना आणि लॅबमधल्या मदतनिसांनाही त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवा. वाफे कसे ओढायचे, खुरपं कसं धरायचं हे आम्हाला तरी त्यांनीच शिकवलं.

खर्च नळ्या, बाटल्या आणि पेटीपुरताच होईल. बाटल्यांमधली लेबलं पेन्सिलीने लिहा, दमट हवेत पेनची शाई पसरते. आणि नळ्या लावायच्या भिंतीसाठी विभागप्रमुखांची परवानगी आत्ताच घेऊन ठेवा.