५४० घन इंची बिग ब्लॉक शेव्हीला ड्रॅग रेसिंगसाठी ३८० सीसीची सिलिंडर हेड्स योग्य ठरतील का?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकत्र ठेवतो, कारण सगळा हिशेब त्यांच्यावरच आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.५०० इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४.२५०, ड्रायव्हर धरून गाडी ३,३०० पौंड, रेस गॅसोलिन, नायट्रस नाही. ब्रॅकेट रेसिंगमध्ये (जिथे आपली वेळ आधी सांगून तिच्या जवळात जवळ पळायचं असतं) क्वार्टर माईल ९.५० सेकंदांत हवा आणि पॉवरचा कळस ६,८०० आरपीएमच्या आसपास. विक्रेता ३८० सीसीची हेड्स सुचवतोय. मी ती घेणार नाही. शेवरोलेच्या या मोठ्या व्ही-८ इंजिनाला ३१५ ते ३२५ सीसीची, पारंपरिक व्हॉल्व्ह कोनाची चांगली ॲल्युमिनियम हेड्स पुरतात, आणि गाडी त्यांच्यावरच जास्त वेगाने पळेल.

मुळात सीसी म्हणजे इनटेक पोर्टचं, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेचं, घनफळ, रुंदी नव्हे. पोर्ट वर उचललेला असेल तर तो लांब होतो आणि रुंदी तेवढीच राहूनही सीसी वाढतात. त्यामुळे दोन कंपन्यांची ३३५ सीसीची हेड्स प्रत्यक्षात अगदी वेगळी निघू शकतात. मोजायचं असतं ते पोर्टमधल्या सर्वांत अरुंद जागेचं क्षेत्रफळ. बिग ब्लॉकमध्ये ही जागा बहुधा पुशरॉडपाशी (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या दांड्यापाशी) असते, जिथे पोर्टची भिंत आत दाबलेली असते. स्नॅप गेजने तिथली रुंदी आणि उंची घ्या, गुणाकार करा आणि कोपऱ्यांच्या गोलाईपोटी त्रिज्येच्या वर्गाच्या ०.८६ पट वजा करा. रुंदी १.७०, उंची २.१५ आणि कोपऱ्याची त्रिज्या ०.४० असेल तर ३.६६ मधून ०.१४ जाऊन साधारण ३.५२ चौरस इंच उरतात.

आता तुमच्या इंजिनाला किती लागतं ते पाहू. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम गुणिले ०.००३५३, भागिले ६१३.८. हा शेवटचा आकडा म्हणजे हवेचा फूट प्रति सेकंदातला वेग. त्यापुढे पोर्ट गुदमरायला लागतो. ६,८०० आरपीएमला उत्तर येतं ३.३७ चौरस इंच. वरचं ३.५२ चं हेड म्हणजे साधारण ७,१०० आरपीएमपर्यंतचं, तुमच्यासाठी अगदी बेताचं. मोठ्या हेडची ही अरुंद जागा ४ चौरस इंच भरली तर तेच सूत्र ८,१०० आरपीएम सांगतं, आणि तिथे तुमचं इंजिन कधी जाणारच नाही. ४.६०० बोअर आणि ४.७५० स्ट्रोकच्या ६३२ ला मात्र ७,२०० आरपीएमलाच ४.१६ लागतात. विक्रेत्याचा सल्ला त्या इंजिनासाठी बरोबर असता.

प्रमाणाबाहेर मोठ्या पोर्टमध्ये हवा मंद चालते. पिस्टन खालच्या टोकाला पोचून वर वळला तरी हवेच्या स्वतःच्या वेगाने सिलिंडर भरत राहणं, हा जो फायदा असतो तो निघून जातो. कार्ब्युरेटरला मिळणारी ओढ कमी होते, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत आणि पोर्टच्या तळाशी ओघळतात. ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गिअरबॉक्स जखडून ठेवणारा ब्रेक) सोडल्यावर कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधला द्रवाचा जोड) इंजिनाला ५,२०० वर धरतो आणि पुढचे पहिले साठ फूट इंजिन तिथूनच खेचतं. गिअर बदलल्यावरही आरपीएम साडेपाच हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे धावेचा मोठा भाग कळसाच्या खालीच जातो. ब्रॅकेटमध्ये तर प्रत्येक धाव मागच्या धावेसारखी यायला हवी. मंद पोर्टचं इंजिन हवामान आणि जेटिंग (कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या इंधनाचं प्रमाण) यांतल्या बारीक फरकांनाही फार हलतं.

पॉवरच्या बाजूनेही ताळा करून बघा. ३,३०० पौंडांना ९.५० सेकंदांसाठी सुमारे ७६० हॉर्सपॉवर लागते. उत्तम जुळवलेलं रेस इंजिन २८ इंच पाण्याच्या दाबाला मोजलेल्या दर सीएफएममागे (मिनिटाला घनफूट हवा), दर सिलिंडरला ०.२५७ हॉर्सपॉवर देतं. आठ सिलिंडरांचा हिशेब ३७० सीएफएमवर येतो. प्रत्येक जुळणी इतकी आदर्श नसते, म्हणून ३९० ते ४०० धरा. चांगल्या सीएनसी केलेल्या ३१५ सीसी हेडकडून हे मिळतं.

फ्लोचा, म्हणजे हेडमधून किती हवा वाहते त्याच्या चाचणीचा, कागद वाचताना मात्र सावध राहा. चाचणी किती बोअरवर घेतली ते आधी विचारा. ४.६०० बोअरवर घेतलेले आकडे तुमच्या ४.५०० वर तसेच येणार नाहीत, कारण सिलिंडरची भिंत व्हॉल्व्हला जास्त झाकते. ०.८०० इंच लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा) एकच मोठा आकडा जाहिरातीत असतो, पण व्हॉल्व्ह कळसावर क्षणभरच असतो आणि मधल्या लिफ्टमधून उघडताना आणि बंद होताना असा दोनदा जातो. म्हणून ०.३०० ते ०.६०० चे आकडे जास्त मोलाचे. आणि बिग ब्लॉकची खास गोष्ट: मूळ रचनेत इनटेक पोर्ट जोडीने येतात आणि दोन्ही सारखे नसतात. एक सिलिंडरच्या मध्याकडे तोंड करतो, दुसरा भिंतीकडे. कागदावर बहुधा चांगल्या पोर्टचे आकडे असतात. वाईट पोर्टचे मागून घ्या. फरक जितका कमी, तितकं ते हेड मनापासून बनवलेलं.

व्हॉल्व्ह इनटेकला २.२५० आणि एक्झॉस्टला १.८८० पुरेत. फार तर इनटेकला २.३००. सीटखालचा घसा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८८ ते ९० टक्के असावा. एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या ७० ते ७५ टक्के असला की नायट्रसशिवाय चालतं.

चेंबरचा (हेडमधल्या ज्वलनाच्या पोकळीचा) हिशेब पिस्टन मागवण्याआधी करायचा, नंतर नाही. तुमचा एक सिलिंडर सुमारे १,१०७ सीसीचा. चेंबर ११९ सीसी, डेक शून्य (पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकशी सपाट) आणि ०.०३९ इंच जाडीचं गॅस्केट साधारण १० सीसीचं धरलं, तर १३ ला १ कॉम्प्रेशनसाठी पिस्टनचा डोम (वरचा फुगवटा) ३७ सीसीच्या आसपास लागतो. इतका उंच डोम ज्योतीच्या वाटेत येतो. लहान चेंबरची हेड्स मिळाली तर ती घ्या, किंवा हेड थोडं मिल करून (तळ तासून) घ्या. उघड्या चेंबरमध्ये एका सीसीला साधारण ०.००५ इंच जातात. मिल केलं की इनटेक मॅनिफोल्डचा बसायचा पृष्ठभागही जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर पोर्टांची ओळ हुकते आणि खालून तेल ओढलं जातं. क्वेंच (पिस्टनचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांमधलं अंतर) स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला ०.०४० इंच, ॲल्युमिनियमच्या रॉडला ०.०५५ ते ०.०६०, कारण तापल्यावर आणि जास्त आरपीएमला तो रॉड लांबतो.

मूळ इनटेक व्हॉल्व्हचा कोन २६ अंश. नंतरच्या बऱ्याच हेड्समध्ये तो २४ केलेला असतो. एवढ्याशा फरकानेही पिस्टनवरची व्हॉल्व्हची खाच सरकते. पिस्टनवर क्ले लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांमधली जागा प्रत्यक्ष मोजा: इनटेकला किमान ०.०८०, एक्झॉस्टला ०.१००, आणि ॲल्युमिनियम रॉड असतील तर आणखी. १८ अंशांची हेड्स सुंदरच असतात, पण त्यांच्यासोबत पिस्टन, मॅनिफोल्ड, शाफ्ट रॉकर आणि हेडर सगळंच नवं लागतं. ९.५० च्या गाडीला तो खर्च करू नका.

ते पैसे व्हॉल्व्हट्रेनमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या भागांमध्ये) घाला. तयार जुळवलेल्या हेड्सवर बऱ्याचदा हायड्रॉलिक रोलर कॅमच्या, कमी ताकदीच्या स्प्रिंगा येतात. ०.७५० लिफ्टच्या सॉलिड रोलर कॅमला व्हॉल्व्ह सीटवर बसलेला असताना २५० ते २८० पौंड आणि उघडल्यावर ७०० च्या आसपास लागतात. पूर्ण लिफ्टला कॉइल एकमेकांना टेकण्याआधी ०.०६० इंच उरले पाहिजेत. प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर स्वतः मोजा. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह सीटवर उसळतो, त्याचं डोकं तुटतं आणि पिस्टनसकट सगळं इंजिन जातं. पुशरॉड ७/१६ इंचाचे घ्या. मात्र ते त्या अरुंद जागेपाशी हेडला घासत नाहीत ना, हे इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा.

शेवटी ब्लॉक कोणता, ते लिहिलेलं नाही. मार्क फोर ब्लॉक असेल तर प्रश्न नाही. जेन फाइव्ह किंवा सिक्स असेल तर पाण्याच्या वाटा वेगळ्या असतात. हेड त्या ब्लॉकला चालतं का, हे विचारून त्याच ब्लॉकचं गॅस्केट घ्या, नाहीतर पाणी लिफ्टर व्हॅलीत (ब्लॉकच्या मधल्या खोलगट भागात) उतरून तेलात मिसळतं. ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर कळवलात तर त्याबद्दल नेमकं सांगता येईल.