आधी ऊन काचेबाहेर अडवा

जर्मनी किंवा ब्रिटनमधल्या नव्या, जाड इन्सुलेशनच्या घरात जुलैमध्ये २८ अंश दिसले की दोष इन्सुलेशनला देऊ नका. उष्णता बहुतेक काचेतून येते. पश्चिमेच्या ३ चौरस मीटर खिडकीवर संध्याकाळचं ऊन चौरस मीटरला ६०० वॉट पडलं आणि काचेचा जी-व्हॅल्यू (उन्हाच्या उष्णतेचा किती भाग काच आत सोडते तो आकडा) ०.५ असला, तर ९०० वॉट आत. म्हणजे हीटर चालूच! आतला पडदा ओढून फारसं साधत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आलेलं असतं. बाहेरून शटर किंवा ब्लाइंड लावा, आणि ऊन खिडकीवर यायच्या आधी खाली करा. छज्जा दक्षिणेला चालतो. पश्चिमेचं तिरपं ऊन त्याच्याखालून सरळ आत येतं.

घरातली हवा सतत बदलणाऱ्या व्हेंटिलेशन मशीनवर विसंबू नका. ताशी १५० घनमीटर हवा, बाहेर ५ अंश थंड असली तरी, जेमतेम २५० वॉट बाहेर नेते. मशीनचा समर बायपास (बाहेरची हवा घरातून जाणाऱ्या हवेच्या उष्णतेने न तापवता आत सोडणारी वाट) मात्र तपासा: रात्री आत येणारी हवा बाहेरच्या तापमानाजवळ हवी. खोलीइतकीच उबदार असेल तर बायपास बंद आहे किंवा सेटिंग चुकलंय.

खरा उतारा रात्रीचा. बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली गेला की खालची खिडकी आणि वरचा स्कायलाइट दोन्ही पूर्ण उघडा. नुसती तिरपी फट पुरत नाही. सकाळी बाहेर आतल्याइतकं तापायच्या आत सगळं बंद.

गरम पाण्याच्या टाकीचे उघडे पाइपही गुंडाळून घ्या; ते चोवीस तास घर तापवतात.