कॅलिबर बदलण्याआधी स्कोपचा बेस काढून बघा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. .२२-२५० काडतुसाची रायफल, जाड नळी, शंभर यार्डावर कधी तीन गोळ्या नखाएवढ्या जागेत, तर कधी चौथी-पाचवी दीड इंच वर उजवीकडे. दुकानदार म्हणतो काडतूस बदला, कंपनी म्हणते रायफल ठीक आहे, आणि तुम्ही ही विकून दुसऱ्या कॅलिबरची, म्हणजे दुसऱ्या काडतुसाची, .२०४ रूगर रायफल घ्यायला निघालात. जरा थांबा. हे दुखणं मी काढलंय, आणि त्यात चांगल्या नळीचं बरंच आयुष्य फुकट गेलं.

आधीच सांगतो, मी बंदुकीचा कारागीर नाही. परवाना, तुमच्याकडे कुठल्या प्राण्यावर काय चालतं, टार्गेटमागे मातीचा बांध, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. तिथे शंका असेल तर हे उत्तर सोडा आणि जाणत्या माणसाला भेटा.

माझ्या रायफलचाही ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं) दोन पुंजक्यांत पडायचा. तीन इथे, दोन तिथे, मधे कोरा कागद. तो कोरा कागद महत्त्वाचा. नळीला काडतूस रुचलं नाही तर गोळ्या साधारण चहूकडे पसरतात. दोन वेगळे पुंजके पुन्हा पुन्हा दिसायला लागले की बहुधा काहीतरी दोन जागांवर बसतंय: बेस (रायफलवर स्क्रूने बसणारी स्कोपची बैठक), रिंग (बेसवर स्कोप पकडणारी कडी), स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) आतली यंत्रणा, नाहीतर दस्त्यात बसवलेली ॲक्शन (नळी ज्यात फिरवून बसते तो मधला लोखंडी भाग). ‘बहुधा’ म्हणतोय, कारण पाच गोळ्यांत नशीबही पुंजके पाडून दाखवतं. पण प्रत्येक टार्गेटवर तेच चित्र आलं तर नशिबाला दोष देऊ नका.

रायफल कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडे पाठवली. कुठली कंपनी ते विचारू नका. बऱ्याच आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: तपासणी केली, रायफल ठरलेल्या मानकात बसते. बस्स, एवढंच. काडतूस कुठलं, अंतर किती, कितीदा मारून पाहिली, एका अक्षराने लिहिलेलं नाही. जोडीला टार्गेटचा कागद आणि त्यावर एकमेकांना चिकटलेली तीन भोकं. फोन केला तर पलीकडच्या माणसाने तीच चिठ्ठी वाचून दाखवली. ईमेलला उत्तर तेच, फक्त खाली ‘आपल्या समाधानासाठी कटिबद्ध’ अशी ओळ जास्तीची.

रायफल ठीक म्हटल्यावर दोष उरतो काडतुसाचा, नाहीतर खांद्याचा. मग गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), ५० ग्रेनची, ५५ ग्रेनची, वेगळी पावडर, वेगळे प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी), हलका ट्रिगर, मागे वाळूची नवी पिशवी. हंगाम त्यातच संपला. वाईट म्हणजे मधूनच एखादा ग्रुप असा देखणा यायचा की वाटायचं, सापडलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पुंजके.

शेवटी बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून अचूक ग्रुप मारायचा खेळ) खेळणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी रायफलला हातही न लावता विचारलं, “कंपनीने तुझाच स्कोप ठेवून मारली का रे?” मला सांगता येईना, कारण चिठ्ठीत ते नव्हतंच. त्यांनी बेस काढायला लावला. पुढच्या बेसचा एक स्क्रू हातात घेतला तर सगळा काळा, फक्त टोकाचे शेवटचे एक-दोन आटे चकचकीत आणि चपटे झालेले. मागच्या बेसचा लांब स्क्रू पुढे लागला होता. बसवून दिला होता दुकानानेच. त्या भोकाखाली ॲक्शनमध्ये फिरवून बसवलेलं नळीचं टोक येतं. स्क्रूचं डोकं बेसवर दाबून बसायच्या आतच खालचं टोक नळीला भिडत होतं. पाना तर असा घट्ट लागतो की वाटतं याहून आवळणार नाही, आणि बेस केसभर मोकळाच. दर धक्क्याला तो इकडचा तिकडे, आणि शंभर यार्डावर त्या केसाचा इंच होतो.

नंतर फोनवर खोदखोदून विचारलं तेव्हा कळलं की चाचणीच्या वेळी गिऱ्हाइकाचा बेस आणि स्कोप उतरवतात, स्वतःचा ठरलेला स्कोप लावतात, आणि मग मूळचं सामान होतं तसं परत लावून देतात. नेहमीचीच पद्धत म्हणे! पद्धतीत चूक काहीच नाही, उलट चाचणी तशीच हवी. पण “आमच्या स्कोपने रायफल नीट मारते” एवढं चिठ्ठीत लिहिलं असतं तर दोष बेसमध्ये नाहीतर स्कोपमध्ये आहे हे त्याच संध्याकाळी समजलं असतं. दुकानदाराचा राग गेला, स्क्रूंची अदलाबदल कुणाच्याही हातून होते. ज्यांच्या हातात उत्तर होतं त्यांनी ते लिहायचा कंटाळा केला, याचा राग मात्र अजून आहे. तेव्हा तुम्हाला ‘रायफल ठीक आहे’ म्हणणाऱ्यांना लेखी विचारा: स्कोप कुणाचा, बेस कुणाचा, काडतूस कुठलं, एका ग्रुपमध्ये गोळ्या किती. उत्तर आलं नाही तरी त्यातून थोडं काही कळतंच.

आता तपासणी. रायफल रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बाहेर. स्कोप आणि बेस उतरवा. स्क्रू निघतील तसे कागदावर मांडा, पुढचे पुढे, मागचे मागे. टोकांना मार्करची शाई लावा, बेस पुन्हा बसवून आवळा, परत काढा. टोकावरची शाई खरवडली असेल तर स्क्रू लांब आहे. बऱ्याच ॲक्शनमध्ये पुढच्या दोन भोकांपैकी एक बोल्टच्या लगा (पुढच्या टोकाचे अडकणारे दात) बसतात त्या खोबणीवर उघडतं. तिथे लांब स्क्रू गेला तर तो लगेला घासतो आणि बोल्ट बंद करताना जड लागतो. हे लक्षण पटकन सापडतं, नळीवर टेकणारा स्क्रू मात्र काहीच कळू देत नाही. योग्य लांबीचा नवा स्क्रू घ्या, भोकं आणि आटे तेल पुसून कोरडे करा, आणि किती जोराने आवळलं ते इंच-पाउंडमध्ये दाखवणाऱ्या पान्याने बेस बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकंच आवळा. ‘हाताच्या अंदाजाने’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना रायफल मात्र देत नाही.

इथे काही निघालं नाही तर नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहा, कुठे अडते का. मग रायफल उभी धरा, नळी आणि दस्त्याचं टोक जिथे जवळ येतात तिथे बोट ठेवा आणि ॲक्शनचा पुढचा स्क्रू सैल-घट्ट करा. बोटाला ठळक हालचाल जाणवली तर बेडिंगचं, म्हणजे ॲक्शन दस्त्यात नीट बसवायचं, काम आहे. तेही ठीक असेल तर खात्रीचा दुसरा स्कोप लावून मारा. कॅलिबरकडे बोट दाखवायची वेळ त्यानंतर येते.

ग्रुपबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तीन गोळ्यांच्या कागदावर लोक रायफली विकतात आणि घेतात. समजा, एखाद्या रायफलचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी एक इंच येतात. त्याच रायफलने, त्याच काडतुसाने, काहीही न बिघडता पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी सव्वा इंचाच्या जरा वर जातात आणि दहा गोळ्यांचे साधारण १.६ इंचावर. हे निव्वळ संख्याशास्त्र आहे. जास्त गोळ्या म्हणजे टोकाची गोळी सापडायची संधी जास्त. म्हणून तीन गोळ्यांचा अर्धा इंच आणि पाच गोळ्यांचा पाऊण इंच यांची तुलना करून रायफल निवडणं व्यर्थ. मी दहा गोळ्या मारतो, मधे नळीला थंड व्हायला वेळ देऊन. जाड नळी उशिरा तापते हे खरं, पण थंडही उशिरा होते.

कॅलिबरचं मत विचारलंय म्हणून सांगतो. माझं मत, पटलं तर घ्या. अचूकता काडतुसाच्या नावात नसते. .२२२ रेमिंग्टन १९५० साली आलं आणि बेंचरेस्टवाल्यांचं लाडकं झालं, तेव्हापासून ‘मुळातच अचूक’ हा शब्दप्रयोग फार स्वस्त झाला. त्या काडतुसामागे चांगल्या नळ्या आणि चांगले हात होते, हे लोक विसरतात. .२२३ त्याच घराण्यातलं, केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) जराशी लांब, १९६४ चं. माझ्या मते दहापैकी आठ लोकांनी हेच घ्यावं. काडतुसं आणि गोळ्या भरपूर प्रकारच्या मिळतात, धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून दिसते, आणि नळी टिकते. तुमचं .२२-२५० हे .२५० सॅव्हेज काडतुसाची केस तोंडाशी आवळून बनवलेलं हौशी लोकांचं काडतूस. कारखान्यात यायला त्याला १९६५ उजाडलं. ५५ ग्रेनची गोळी ते सेकंदाला ३,६८० फुटांच्या आसपास फेकतं, .२२३ हे ३,२४० च्या आसपास. पण तेवढ्यासाठी दर वेळी बरीच जास्त पावडर त्याच भोकातून जाते आणि नळीचा घसा (गोळी नळीत शिरते तो भाग) लवकर झिजतो. तीनशे यार्डांपलीकडे नेहमी मारत असाल तर ठेवा. दिवसभर भराभर मारायची सवय असेल तर नळी तुमच्यावर रागावेल.

.२०४ रूगर, २००४ सालचं, सुंदर काडतूस आहे. ३२ ग्रेनची गोळी कारखान्याच्या आकड्यानुसार सेकंदाला ४,२०० फुटांच्या वर जाते. पण सैल बेसवर तेही दोनच पुंजके पाडेल. वर गोळ्यांची निवड कमी आणि साफसफाईला वेगळा, बारीक रॉड. .१७ एचएमआर (२००२) दीडशे यार्डांच्या आत मजेशीर, आवाज कमी, पण १७ ग्रेनची ती गोळी वाऱ्यावर वाहवत जाते.

कॅलिबरपेक्षा ट्विस्टकडे बघा, म्हणजे नळीतले पिळदार चर गोळीला किती इंचात एक फेरा देतात ते. जुन्या पद्धतीच्या .२२-२५० नळ्यांत गोळी १४ इंचात एक फेरा घेते. ५५ ग्रेनपर्यंत छान, पण ६९ किंवा ७५ ग्रेनची लांब गोळी घातली तर ती हवेत स्थिर राहत नाही आणि कागदावर आडवी भोकं दिसतील. खरा संबंध वजनापेक्षा लांबीशी आहे. म्हणून शिसं नसलेली तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते आणि मंद ट्विस्टमध्ये रुसते. उलट ७ इंचाच्या ट्विस्टमधून पातळ आवरणाची हलकी व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी फार वेगात सोडली तर ती वाटेतच फुटू शकते आणि कागदावर भोकच नसतं. मी असा करडा धूर पाहिलाय, आधी विश्वास बसत नाही.

अवांतर: स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण निशाण्यावरून सरकल्यासारखी दिसणं) पाहायला विसरू नका. रिमफायरसाठी (.१७ एचएमआरसारख्या छोट्या काडतुसांसाठी) बनवलेले स्कोप बहुधा ५०-६० यार्डांना जुळवलेले असतात. ते लांबच्या कामाला लावले की डोकं हललं तरी नेम हलतो, आणि माणूस नळीला शिव्या घालतो.

बेस काढलात की स्क्रूंच्या टोकांचा फोटो इथे टाका, दहा गोळ्यांच्या टार्गेटचाही. ट्विस्ट नळीवर कोरलेला नसेल तर मोजता येतो. रिकामी रायफल, बोल्ट बाहेर, फिरत्या मुठीच्या क्लीनिंग रॉडवर नीट घट्ट बसेल असं कापड लावून नळीत घाला, रॉडवर एक खूण करा आणि हळू ढकला. खूण पूर्ण एक फेरा घेऊन परत वर येईपर्यंत रॉड जितके इंच आत गेला तो तुमचा ट्विस्ट. दोन-तीनदा मोजा, कापड घसरलं तर आकडा खोटा येतो.