हिवाळ्यातलं गोल्फ मैदान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हिवाळ्यात रील मोवर (फिरत्या पात्यांच्या नळकांड्याने, म्हणजे रीलने, गवत कापणारी यंत्रं) धुऊन, बॅकलॅपिंग (रील उलटं फिरवून घासपेस्टने धार लावणं) करून ठेवले होते. वसंतात पहिल्याच कापणीला ग्रीनवरच्या (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या) गवताची टोकं फाटली आणि दोन दिवसांत पांढुरकी पडली. धार तर लावली होती, मग चुकलं कुठे?

बॅकलॅपिंगने धारेवरची कसर निघते, रीलचा आकार सुधारत नाही. हंगामभर चाललेलं रील एका टोकाला जास्त झिजतं आणि किंचित शंकूसारखं होतं. ते उलटं फिरवून कितीही घासपेस्ट लावली तरी एका बाजूला कापतं आणि दुसऱ्या बाजूला गवत ओढतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी कॅलिपर घ्या आणि रीलचा व्यास दोन्ही टोकांना मोजा. फरक आढळला, तर रील ग्राइंडरवर, म्हणजे घासून आकार देणाऱ्या यंत्रावर, चढवायलाच हवं.

ग्राइंडिंगच्या आधी बेअरिंग पाहा. बेडनाइफ (रीलखालचं स्थिर पातं, ज्यावर गवत कापलं जातं) रीलपासून दूर करून रील हाताने फिरवा. खरखर जाणवली किंवा शाफ्ट वरखाली हलला, तर आधी बेअरिंग आणि सील बदला. ढिल्या बेअरिंगवर केलेलं ग्राइंडिंग बेअरिंग बदलताच वाया जातं. बेअरिंग इतक्या लवकर जातात त्याचं मोठं कारण धुण्याची पद्धत. जोरदार झोत थेट सीलवर मारला की पाणी आत शिरतं आणि हिवाळाभर तिथेच बसून गंज धरतं. कमी दाबाने धुवा आणि धुतल्यावर लगेच ग्रीस भरा. जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवा.

नवं बेडनाइफ बसवलं की लगेच कामाला जुंपू नका. बेडबारवर, म्हणजे ते धरणाऱ्या पट्टीवर, कसल्यावर ते कुठेतरी हलकं वाकतंच, त्यामुळे बारसह त्याचंही ग्राइंडिंग करा. स्क्रू नवे वापरा आणि मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे कसत न्या. टोकांपासून कसलं तर मध्ये पोकळी राहते. शेवटी कागदाची पट्टी बेडनाइफला काटकोनात धरून प्रत्येक पात्यावर, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कापून पाहा. कागद दुमडला किंवा फाटला तर जुळणी अजून झालेली नाही. पण नुसतं कसत जाऊ नका. रील बेडनाइफवर दाबून बसलं की धातू तापतो आणि धार दोन्हीकडून मरते.

साठवताना रील बेडनाइफपासून थोडं सैल करा आणि धारांवर तेलाचा पातळ थर द्या. वसंतात कापणीची उंची पुन्हा गेज-बारवर (उंची मोजण्याच्या पट्टीवर) लावा. पहिल्या कापण्या नेहमीच्या 3 मि.मी.वर नकोत, 4 ते 5 मि.मी.वरून हळूहळू खाली या.

प्रश्न: पेट्रोलची यंत्रं टाकी भरून ठेवावीत की रिकामी करून? आणि बॅटऱ्यांचं काय?

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. ओल वाढली की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट होऊन साचतं. टाकी भरून ठेवणार असाल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल बिघडू न देणारं द्रव्य) घालून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल. नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही. छोट्या यंत्रांची टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामी केलेली बरी. डिझेलची टाकी मात्र काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत दव साचतं आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा गाळ वाढून फिल्टर तुंबतो. वॉटर सेपरेटरमधलं पाणीही काढून टाका. इंजिन ऑइल साठवणीआधी, इंजिन कोमट असताना बदला. वापरलेल्या तेलातलं आम्ल महिनोन् महिने बेअरिंगवर बसून राहू नये.

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून, आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. विश्रांतीनंतर 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण; 12.4च्या खाली आली की पुन्हा चार्ज करा. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 60 अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे 10च्या आधीच गोठून खोका फोडतं. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही प्लेट बुडण्यापुरतं. कार्टमध्ये लिथियम बॅटऱ्या असतील तर शून्याखालच्या तापमानात त्या चार्ज करू नका.

प्रश्न: सिंचनाच्या पाइपमधलं पाणी कॉम्प्रेसरने उडवताना बरीच रोटर हेड (गोल फिरून पाणी फवारणारी तोंडं) निकामी झाली. दाब कमी पडला का?

उलट जास्त झाला असावा. पाणी बाहेर काढतो तो हवेचा प्रवाह. दाबाचं काम फार थोडं. पॉलिएथिलीन पाइपला 50 पीएसआयच्या (दर चौरस इंचावरचा पौंडातला दाब) वर जाऊ नका, पीव्हीसीला 80 ही हद्द समजा. छोट्या कॉम्प्रेसरचा दाब चढवण्यापेक्षा जास्त हवा देणारा मोठा कॉम्प्रेसर कमी दाबावर चालवा.

रोटरचे गिअर पाण्यावर थंड राहतात आणि पाण्यामुळेच सरकतात. कोरड्या हवेवर ते कितीतरी वेगाने फिरतात आणि वितळतात. म्हणून एक स्टेशन, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा हेडचा गट, एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. सगळी लाइन फिरून झाल्यावर दुसरी फेरी घ्या. आधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मग कॉम्प्रेसरपासून सर्वांत दूरच्या आणि उंच भागापासून सुरुवात करा. एक तरी स्टेशन उघडं असल्याशिवाय हवा सोडू नका. काम संपल्यावर बॅकफ्लो प्रिव्हेंटरचे (पाणी उलटं वाहू न देणाऱ्या जोडणीचे) बॉल व्हॉल्व्ह अर्धे, म्हणजे 45 अंशांवर ठेवा. पूर्ण बंद बॉलच्या पोकळीत अडकलेलं पाणी व्हॉल्व्ह फोडतं. फवारणी यंत्राच्या पंपात, नळ्यांत आणि नोझलमध्येही प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे गोठू न देणारं द्रव, फिरवून घ्या.

प्रश्न: ग्रीनवर घट्ट बर्फाचा थर बसून महिना झाला. फोडावा का?

मैदानावर कोणतं गवत आहे, त्यावर हे ठरतं. घट्ट बर्फाखाली हवा खेळत नाही, आणि गवत व जमिनीतले सूक्ष्मजीव सोडत असलेले वायू तिथेच कोंडतात. क्रीपिंग बेंटग्रास, म्हणजे ग्रीनसाठी लावलेलं बारीक गवत, हा कोंडमारा साधारण 90 ते 120 दिवस सोसतं. पोआ ॲनुआ, म्हणजे ग्रीनमध्ये आपोआप शिरणारं गवत, 45 ते 60 दिवसांतच धोक्यात येतं. तारखा लिहून ठेवा, अंदाजावर जाऊ नका. शंका आली तर बर्फाला ड्रिलने भोक पाडून वास घ्या. आंबूस, कुजका वास आला तर खाली गुदमरणं सुरू झालं आहे.

तरीही घाईने सगळा बर्फ खरवडू नका. हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत जास्त गवत मरतं ते दुसऱ्याच कारणाने. दिवसा वितळलेलं पाणी ग्रीनच्या खोलगट भागात साचतं, गवताचा क्राऊन, म्हणजे जिथून पानं आणि मुळं फुटतात तो जमिनीलगतचा कोंब, ते शोषून घेतो, आणि रात्री अचानक थंडी पडली की आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. पोआ उबेला लवकर भुलतं, आपली थंडीची तयारी आधी सोडतं, म्हणून आधी तेच जातं. त्यामुळे बर्फ काढण्याआधी पुढच्या काही दिवसांचा अंदाज पाहा. कडाक्याची थंडी येणार असेल तर थांबा.

काढायचाच असेल तर वरचा भुसभुशीत बर्फ आधी बाजूला करा. उन्हाच्या दिवशी घट्ट थरावर गडद रंगाची वाळू पातळ पसरा. ऊन शोषून ती बर्फाला भोकं पाडते. कुदळ जमिनीपर्यंत नेऊ नका. त्याच वेळी ग्रीनच्या कडेला, पाणी ज्या बाजूने वाहून जाईल तिथे, हिरवळीची पट्टी उचलून चर मोकळा करा. बर्फ काढला आणि पाण्याला वाट दिली नाही तर रात्री तोच थर परत बसतो.

गवत जिवंत आहे का हे मार्चची वाट न पाहता कळू शकतं. खोलगट भागातून एक आणि उंचवट्यावरून एक, असे दोन तुकडे मातीसकट कापा, उबदार खोलीत उजेडाच्या खिडकीत ठेवा आणि ओलसर राखा. दहा ते चौदा दिवसांत हिरवी टोकं फुटतात. फुटली नाहीत, तर बियाणं पेरण्याची आणि हिरवळीचे तयार तुकडे बसवण्याची तयारी आत्ताच करा.

प्रश्न: स्नो मोल्डवर (थंडीत गवतावर येणाऱ्या बुरशीवर) फवारणी बर्फ वितळल्यावर केली तर चालेल का?

नाही. करडी स्नो मोल्ड साधारण दोन महिने बर्फाखाली राहिलेल्या गवतावर पसरते, आणि गुलाबी प्रकाराला तर बर्फाचीही गरज नसते. शून्य ते आठ अंशांतली ओल पुरते. बुरशीनाशक कायमचा बर्फ पडण्याआधीच हवं. वाढ थांबेपर्यंत कापणी चालू ठेवा, कारण लांब, आडवं पडलेलं पान बुरशीचं घर होतं. शरदाच्या शेवटी लवकर लागू होणारं नत्र देऊ नका.

प्रश्न: सकाळी गवतावर गोठलेलं दव असतं, तरी खेळाडू आत सोडायला सांगतात. खरंच इतकं नुकसान होतं का?

होतं. गोठलेल्या पानावर पाय पडला की आतल्या स्फटिकांनी पेशी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. थंडीत वाढ नसल्याने ते आठवडेच्या आठवडे राहतात. हवा शून्याच्या वर गेल्यावर हलकं पाणी फवारलं तर दव लवकर विरघळतं. त्याआधी फवारलं तर आणखी बर्फ होईल.

याहून वाईट अवस्था डोळ्यांना दिसत नाही: वरची दोन-तीन सेंटीमीटर माती सुटलेली आणि खाली जमीन गोठलेली. त्यावर चाललं की वरचा थर सरकतो आणि मुळं आडवी तुटतात. ग्रीनमध्ये चाकू खुपसून पाहा. वर मऊ आणि खाली टणक लागलं तर त्या दिवशी ग्रीन बंद ठेवा आणि तात्पुरती ग्रीन फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आखा.