गाडीच्या स्पीकरमधून मधूनच 'कुंईऽऽ' असा आवाज येतो, कारण काय?

रेस दिल्यावर सूर चढतो का, ते आधी बघा. चढत असेल तर तो अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) आवाज, आणि बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमुळे (वायरची गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी) स्पीकरपर्यंत पोचतो. मधूनच येतो म्हणजे कुठेतरी जोड ढिला असणार. ऑक्स केबल लावून फोन चार्जिंगला असतानाच येत असेल तर चार्जर काढा; थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारा आवाज.

माझ्या गाडीत अॅम्पची (अॅम्प्लिफायरची) काळी, म्हणजे अर्थची वायर रंगावरच स्क्रूने आवळली होती. खड्ड्यात गाडी आपटली की कुंई सुरू! रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर पुन्हा घट्ट बसवली, आवाज बंद. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने मोजा: अर्थ ते बॅटरीचं निगेटिव्ह, ०.५ ओहमच्या आत हवं. असा आवाज गाळणारा फिल्टर शेवटी घ्या. दुकानदार तोच आधी गळ्यात मारतो.