'का'चा रकाना

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. टीमच्या लीडने दिलेल्या पॅटर्नच्या, म्हणजे आधीच्या कामांतल्या तयार ओळींच्या फाइलमधून तू 'लॉगिन'ची ओळ उचललीस, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटमध्ये जशीच्या तशी टाकलीस, रिव्ह्यूत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आयसीयूतल्या सिस्टरनी एवढंच विचारलं, "तीनदा पासवर्ड चुकला आणि रात्री अडीचला माझं खातं बंद पडलं, तर मी उठवू कोणाला?" तुला उत्तर सुचलं नाही. आता तू म्हणतोस, पॅटर्न हा प्रकारच फसवा आहे, यापुढे प्रत्येक रिक्वायरमेंट, म्हणजे सिस्टिमने काय करावं ती ओळ, कोऱ्या कागदावर लिहिणार.

तेवढं मात्र करू नकोस.

कोऱ्या कागदावाले मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या डॉक्युमेंटात 'सिस्टिम वेगवान असावी' असतं, आणि कोणी काय बदललं याची नोंद ठेवायचं राहून जातं. जुना डेटा किती वर्षं ठेवायचा हे तर गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरात यायच्या, आदल्या आठवड्यात आठवतं. पॅटर्न म्हणजे आधीच्या पन्नास जणांनी खाल्लेल्या ठेचा. त्या फुकट मिळतात तर घे की! फक्त प्रत्येक ओळीसमोर 'का' लिही.

रोल्स-रॉइसमधल्या अलिस्टर मेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली मांडलेली रिक्वायरमेंट लिहिण्याची 'ईअर्स' पद्धत तुला ट्रेनिंगमध्ये शिकवली असेलच. विमानाच्या इंजिन-नियंत्रणाचे नियम चाळताना त्यांनी वाक्यांचे पाच साचे पाडले. सदासर्वदा लागू असतं ते एक. घटना घडली की 'जेव्हा', एखादी स्थिती टिकून आहे तोवर 'जोपर्यंत', नको ते घडलं तर 'जर-तर', आणि एखादी सोय असेल तिथेच 'जिथे'. उत्तम पद्धत आहे, मी रोज वापरते. तुझी ओळ तिच्यात चपखल बसते: "जर लागोपाठ तीन वेळा पासवर्ड चुकला, तर सिस्टिमने खातं बंद करावं." टेस्टरला पाच मिनिटांत तपासता येईल. वाक्यात एक कानामात्रा चुकलेली नाही, आणि म्हणूनच रिव्ह्यूत कोणाला जाग आली नाही. साचा वाक्याचा आकार देतो, वाक्य तिथे का आहे ते सांगत नाही.

मूळ ओळ बँकेच्या ऑनलाइन खात्यासाठीची. तिथे चोर जगात कुठेही बसून पासवर्ड ओळखत राहू शकतो, आणि ग्राहकाचं खातं सकाळपर्यंत बंद राहिलं तर तो चिडेल, कस्टमर केअरला फोन करेल, संपलं. आयसीयूत मशीन सिस्टरांच्या टेबलावर आहे आणि खातं बंद पडलं की पलीकडे पेशंट आहे. हे 'का'च्या रकान्यात लिहिलं असतंस तर तुला तिथेच दिसलं असतं की राखण हवीच, पण वेगळी. प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ वाढवता येतो. रात्रपाळीच्या इन्चार्जना खातं उघडू देता येतं. आणीबाणीत पेशंटची माहिती दिसू द्यायची आणि कोणी पाहिली याची पक्की नोंद ठेवायची, हाही एक मार्ग आहे.

हे शहाणपण मी पोटातून घेऊन आले नाही. एका पतसंस्थेचं काम होतं. बँकेच्या डॉक्युमेंटमधून मी 'पाच मिनिटं हालचाल नसेल तर सेशन बंद' उचललं, म्हणजे सिस्टिम आपोआप लॉगआउट करणार. गो-लाइव्हनंतर महिन्याभराने तालुक्याच्या शाखेत गेले. सोनेतारण कर्जाचा फॉर्म अर्धा भरला की क्लार्कबाईंना सोनाराची वाट पाहावी लागे. तो पाटल्या कसाला लावणार, वजन करणार, खडे वजा करणार. वीस मिनिटं सहज जात. तेवढ्यात फॉर्म उडालेला असे. बाईंनी उपाय शोधला होता: तराजूतलं पितळी वजन उचलून कीबोर्डच्या शिफ्टवर ठेवलेलं. सेशन कधीच बंद होत नव्हतं. बाई जेवायला आत गेल्या, काउंटरवर कोणी नाही, स्क्रीनवर कर्जखाती उघडी, आणि कळ दाबून बसलेलं ते वजन. सुरक्षेसाठी लिहिलेल्या माझ्या ओळीने सुरक्षेची जी दैना केली होती, ती मी तिथे उभी राहून पाहिली. परतीच्या एसटीत कोणाशी बोलले नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. 4 जून 1996 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन 5 चं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे 40 सेकंदांत रॉकेट फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन 4 वरून आणलेलं. त्यातलं एक काम उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू राही, कारण जुन्या रॉकेटची उलटगणती ऐन वेळी थांबली तर ती झटपट पुन्हा सुरू करता यावी. एरियन 5 ला त्याची गरजच नव्हती. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यातून आलेली संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या 16 बिटांच्या जागेत मावली नाही, मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा एकाच चुकीने बंद पडल्या. रिक्वायरमेंट नव्या घरी आली, तिचं 'का' जुन्या घरीच राहिलं.

मला ऑफिसात 'काका' म्हणायचे. बाई असून! प्रत्येक मीटिंगमध्ये "का? का?" करते म्हणून. एकदा चार ओळींना कारण नाही यावर मी अकरा दिवस साइन-ऑफ, म्हणजे डॉक्युमेंटची अंतिम मंजुरी, अडवला आणि त्या प्रोजेक्टवरून मला काढलं. माझं बरोबरच होतं. निदान तीन ओळींच्या बाबतीत. चौथी मी हट्टाने धरली होती, हे आज तुला म्हणून सांगते.

आणि "कारण सगळ्यांना ठाऊकच असतं" हे मला ऐकवू नकोस. 'मधलं नाव म्हणजे वडिलांचं' हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मग आपल्या राज्य सरकारने ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. कोणता फॉर्म यात येतो आणि कोणता नाही, हे 'मधलं नाव' मुळात कशासाठी मागितलं होतं ते लिहून ठेवल्याशिवाय कोण सांगणार?

तेव्हा एक रात्र त्या आयसीयूत बस. परवानगी काढ, डबा ने, सिस्टरांच्या कामात लुडबुड करू नकोस. खातं कधी अडलं, कोणी कोणाला फोन केला, तोवर काय थांबलं, तेवढं लिही. मग ती ओळ बदल आणि शुक्रवारच्या आत मला पाठव. 'का'सकट.

ता. क. लीडवर चिडू नकोस. ती पॅटर्नची फाइल नऊ वर्षांपूर्वी मीच केली होती. तिच्यात 'का'चा रकाना आहे, कोणीतरी प्रिंट एका पानावर बसावी म्हणून लपवून ठेवलाय. उघडून बघ. लॉगिनच्या ओळीसमोर तो रिकामा दिसेल. लॉगिनला कसलं आलंय कारण, असं तेव्हा मला वाटलं होतं.